मागच्या दाराला पाच सेंट स्वस्त

नाशिकच्या एका वाचक मंडळाच्या संयोजक ताईंनी विचारलं आहे: "आम्ही बारा जणींनी फॅनी फ्लॅगची 'फ्राइड ग्रीन टोमॅटोज ॲट द व्हिसल स्टॉप कॅफे' वाचली. सहा जणी भारावून गेल्या, डोळे पुसत बोलत होत्या. चौघींना ती गोडमिट्ट आणि खोटी वाटली. दोघी काही बोलल्याच नाहीत. चर्चा 'आवडली, नाही आवडली' याच्या पुढे सरकेना. यात बरोबर कोण, आणि पुढच्या बैठकीत मी काय करू?"

ताई, मी २४ वर्षं महाविद्यालयात अमेरिकन साहित्य शिकवलं, आणि वाचक गटही बरीच वर्षं चालवले. ही कादंबरी चार गटांत चर्चेला घेतली. चारही वेळा तुमच्याकडे झाली तशीच फाळणी झाली. म्हणून माझं मत आधीच सांगून टाकते. भारावलेल्या सहा जणींनी जे पाहिलं ते पुस्तकात आहे. चिडलेल्या चौघींनी जे पाहिलं तेही आहे. पण दोन्ही बाजू त्या कॅफेत पुढच्या दारानं शिरल्या. या कादंबरीला मागचंही एक दार आहे. तिथं थोडा वेळ उभं राहिल्याशिवाय तिच्याबद्दलचं कुठलंच मत पक्कं होत नाही, निदान माझं तरी झालं नाही.

ज्यांनी ती वाचलेली नाही त्यांच्यासाठी गोष्ट थोडक्यात सांगते. डिसेंबर १९८५. अलाबामा राज्यातल्या बर्मिंगहॅम शहरातला रोझ टेरेस नावाचा वृद्धाश्रम. ४८ वर्षांची एव्हलिन काउच नवऱ्याबरोबर सासूला भेटायला येते आणि सासूपासून पळ काढून बाहेर येऊन बसते. शेजारी ८६ वर्षांची निनी थ्रेडगुड. निनी बोलायला लागते ती थांबतच नाही. तिच्या बोलण्यातून रेल्वेच्या रुळांकडेचं व्हिसल स्टॉप हे इवलंसं गाव उभं राहतं. तिथं १९२९ च्या जूनमध्ये इजी थ्रेडगुड आणि रूथ जेमिसन या दोघी कॅफे उघडतात. स्वयंपाकघरात सिप्सी ही काळी बाई असते, मागे अंगणात मांस भाजायला तिचा मुलगा बिग जॉर्ज. जॉर्जियात राहणारा रूथचा मारकुटा नवरा फ्रँक बेनेट एके दिवशी नाहीसा होतो आणि त्याचं काय झालं हे शेवटाला कळतं. मधूनमधून डॉट वीम्स या पोस्टातल्या बाईच्या साप्ताहिकातले तुकडे येतात: कोणाची कुत्री व्याली, कोणाच्या नवऱ्याचं डोकं दुखतंय.

कादंबरी १९८७ मध्ये आली. लेखिकेचा जन्म १९४४ चा, बर्मिंगहॅमचाच. शहराच्या पूर्वेला आयर्नडेल नावाचं रेल्वेचं गाव आहे. तिथं तिच्या एका नात्यातल्या आजीनं अनेक वर्षं खरोखरच कॅफे चालवला होता. म्हणजे मूळ ऊब घरातलीच.

आता ती ऊब. तुमच्या चौघी तिला गोडमिट्ट म्हणतात तेव्हा मला त्यांच्याशी थोडं भांडावंसं वाटतं. काळ पाहा. १९२९ नंतरच्या मंदीत लोखंड-पोलादावर जगणारं बर्मिंगहॅम पार कोसळलं. मालगाड्यांवरून फुकट प्रवास करत कामाच्या शोधात भटकणारी माणसं रुळांकडेच्या प्रत्येक गावात उतरत होती. इजी त्यातल्या कोणाला उपाशी परत पाठवत नाही. एवढंच असतं तर मीही 'बरं' म्हणून पुढे गेले असते. पण रूथ नवऱ्याकडून सुटका मागते ती कशी, ते आठवा. ती पत्र लिहीत नाही. बायबलातल्या रूथच्या पुस्तकाचं एक पान फाडून इजीला पाठवते, 'तू जाशील तिथं मी येईन' हे वचन असलेलं. आणि रूथ घरी आल्यावर इजीचे वडील मुलीला समोर बसवून सांगतात, की आता रूथची आणि होणाऱ्या बाळाची जबाबदारी तुझ्यावर आहे. धंदा सुरू करायला ते ५०० डॉलर हातावर ठेवतात. त्याच पैशातून कॅफे येतो. दोन बायकांचा संसार आहे, बाप त्याला संसारच मानतो, आणि लेखिका त्यावर एक शब्दही जास्तीचा लिहीत नाही. १९८७ साली सर्वसामान्य वाचकांसाठी लिहिलेल्या पुस्तकात ही शांत स्वीकृती फार मोठी होती. १९९१ च्या चित्रपटानं या नात्याला 'जिवलग मैत्री'च्या पदराखाली बरंच झाकून ठेवलं. तुमच्या मंडळात कोणी फक्त चित्रपट पाहून बोलत असेल, तर ते आधीच विचारून घ्या. माझ्या दुसऱ्या गटात निम्मा गोंधळ तेवढ्यानं झाला होता.

आणि एव्हलिन. माझ्या गटांत रडलेल्या बायका बहुतेक एव्हलिनसाठीच रडल्या. मुलं मोठी झालेली, नवरा टीव्हीपुढे, आरशात पाहायला नको वाटतं, दुकानात एखादा पोरगा अपमान करतो आणि उलट बोलायला शब्द सुचत नाही. अशा बाईला कोणीतरी दर आठवड्याला गोष्ट सांगतं आणि ती हळूहळू ताठ उभी राहते. यात खोटं काय आहे? एव्हलिनची सूडाची दिवास्वप्नं आज जरा जुनाट वाटतात हे मान्य. प्रकरणं पुढेमागे उड्या मारतात ही तक्रारही खरी आहे. प्रत्येक प्रकरणावरची तारीख वाचली की ती सुटते.

आता मागच्या दाराकडे या.

बिग जॉर्जच्या भाजलेल्या मांसाचा वास गावभर जातो, तसा तो रुळांपलीकडच्या ट्राउटव्हिलमध्येही जातो. ट्राउटव्हिल म्हणजे काळ्या लोकांची वस्ती. तिथली माणसं विचारतात, आम्हाला विकाल का? इजी म्हणते, माझ्या हातात असतं तर मी तुम्हाला पुढच्या दारानं आत घेऊन टेबलावर बसवलं असतं, पण गावातले काही जण माझं दुकान जाळतील आणि मला पोट आहे. तुम्ही मागच्या दाराला या. ही बातमी गावात पोचते. ग्रेडी किलगोर हा गावचा शेरीफ, इजीचा मित्र आणि कू क्लक्स क्लान या काळ्यांवर दहशत बसवणाऱ्या गोऱ्यांच्या संघटनेच्या मिरवणुकीत चालणारा. तो येऊन समजावतो, की लोकांना हे रुचत नाहीये. इजी त्याला सुनावते: तोंडावर बुरखे घेता, मग बूट तरी बदला, तुझे मोठाले बूट सगळं गाव ओळखतं. ग्रेडी निघून जातो. आणि मग लेखिका सांगते, की त्या दिवसानंतर एकच गोष्ट बदलली. मागच्या दारावर लावलेल्या मेन्यूत प्रत्येक पदार्थ पाच किंवा दहा सेंटांनी स्वस्त झाला. दोघींना तेच न्याय्य वाटलं.

बस, एवढंच. पुढचं प्रकरण सुरू.

ताई, बारा जणींनी हे वाक्य वाचलं असेल, पण त्यावर किती जणी थांबल्या? भारावलेल्या म्हणतील, बघा, किती चांगल्या मनाच्या बायका. चिडलेल्या म्हणतील, माणसाला उंबऱ्याबाहेर उभं करायचं आणि पाच सेंट सूट द्यायची? माझ्या मते हे सबंध पुस्तकातलं सर्वांत प्रामाणिक वाक्य आहे. इजीचा चांगुलपणा कुठवर पोचतो आणि कुठं अडतो, हे इथं सेंटांत मोजून दिलंय. दार उघडत नाही. दर उतरतो.

हे दार कादंबरीकारानं रचलेलं नव्हतं, हे तुमच्या चौघींना मुद्दाम सांगा. बर्मिंगहॅम शहराचा लेखी नियम होता: गोऱ्या आणि काळ्या गिऱ्हाइकांना एकाच खोलीत वाढायचं असेल तर मध्ये जमिनीपासून किमान सात फूट उंचीची भरीव भिंत हवी, आणि रस्त्यावरून येण्यासाठी स्वतंत्र दार हवं. सात फूट! म्हणजे पलीकडे कोणी जेवतंय हे नजरेला पडूसुद्धा नये. त्याच शहरात ऑलीज बार्बेक्यू नावाचं एक कौटुंबिक हॉटेल होतं, १९२७ मध्ये सुरू झालेलं, म्हणजे इजीच्या काल्पनिक कॅफेच्या दोन वर्षं आधी. भाजलेलं मांस आणि घरगुती 'पाय' (सारण भरून भाजलेला पदार्थ) हीच त्याची ख्याती. २२० माणसं बसतील एवढं मोठं. ३६ नोकर, त्यातले सुमारे दोन तृतीयांश काळे. काळ्या गिऱ्हाइकाला मात्र आत बसायची मुभा नव्हती, त्यानं पुडकं बांधून घ्यायचं आणि निघायचं. जुलै १९६४ मध्ये हॉटेलांत असा वंशभेद करायला बंदी घालणारा नागरी हक्क कायदा आला आणि मालक त्याविरुद्ध कोर्टात गेले. खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. हॉटेलातलं सुमारे ४६ टक्के अन्न परराज्यातून आलेल्या मांसाचं होतं. त्यामुळे हा आंतरराज्य व्यापाराशी निगडित प्रश्न आहे आणि काँग्रेसला, म्हणजे अमेरिकेच्या संसदेला, त्यावर कायदा करता येतो, असं म्हणून न्यायालयानं डिसेंबर १९६४ मध्ये मालकांविरुद्ध निकाल दिला. मागचं दार बंद करायला देशाच्या सर्वोच्च न्यायालयाला मांसाचा हिशेब मांडावा लागला. मी वर्गात हा खटला कादंबरीच्या आधी शिकवायचे. मग मुलं तेच पाच सेंटांचं वाक्य वेगळ्या आवाजात वाचायची.

आता हत्तीणीचं प्रकरण. बर्मिंगहॅमच्या ॲव्हनडेल पार्कमध्ये मिस फॅन्सी नावाची हत्तीण आहे. बिग जॉर्जची मुलगी नॉटी बर्ड आजारी पडते आणि तिला ती हत्तीण पाहायची असते. पार्कात काळ्या मुलांना प्रवेश नाही. इजी खटपट करून हत्तीणच ट्राउटव्हिलला आणते. गटातल्या सगळ्या इथं विरघळतात, आणि नेमकी इथंच मी चिडलेल्यांच्या बाजूला जाते. मेन्यूच्या वाक्यात कायदा दिसत होता. इथं तो आनंदाच्या गडबडीत विरून जातो. मुलगी बरी व्हायला लागते, हत्तीण परत जाते, आणि पार्काच्या दारावरचा मज्जाव तसाच राहतो, त्याकडे पुन्हा कोणी वळून पाहत नाही. नॉटी बर्ड इथं फक्त घेणारी आहे. तिला काय वाटलं हे आपल्याला तिच्या आनंदापुरतंच कळतं. दक्षिणेतल्या छोट्या गावाच्या कादंबऱ्यांतली गोडी नासते ती बहुधा याच जागी: देणाऱ्याचं मन विस्तारानं लिहिलेलं, घेणाऱ्याचं दोन ओळींत.

सिप्सीबद्दलही माझी तीच तक्रार आहे. इथून पुढे शेवट फुटणार आहे, ज्यांना वाचायचंय त्यांनी हा परिच्छेद सोडावा. फ्रँक बेनेट बाळ पळवायला येतो तेव्हा त्याच्या डोक्यात लोखंडी तवा घालणारी सिप्सी असते. पुरावा नाहीसा करण्याचं काम बिग जॉर्जच्या वाट्याला येतं, आणि तपासाला आलेल्या माणसांना कॅफेत वाढलेल्या मांसाबद्दल लेखिका जो भयंकर विनोद करते तो वाचून हसायला येतं. मलाही आलं. पण मग विचार करा. काळ्या बाईच्या हातून गोरा पुरुष मेला. हे उघडकीला आलं असतं तर खटला चालेपर्यंत ती जिवंत राहिली असती का? १९३१ मध्ये याच अलाबामात, स्कॉट्सबरोच्या प्रकरणात, नऊ काळ्या मुलांवर मालगाडीत बलात्कार केल्याचा खोटा आरोप आला आणि सुमारे दोन आठवड्यांत त्यातल्या आठ जणांना फाशीची शिक्षा फर्मावली गेली. त्या राज्यात सिप्सी तवा उचलते. एवढं मोठं कृत्य, आणि त्यानंतरची तिची एक रात्रसुद्धा आपल्याला तिच्या आतून दिसत नाही. तिला झोप लागली का? मुलाशी ती काय बोलली? या पुस्तकात मला सर्वांत जास्त जे वाचायचं होतं ते लिहिलेलंच नाही.

पण फ्लॅगला हे अजिबात दिसत नव्हतं असं म्हणायला मी तयार नाही. बिग जॉर्जला जुळे मुलगे आहेत. जॅस्पर उजळ, आर्टिस गडद. जॅस्पर रेल्वेच्या पुलमन डब्यांत, म्हणजे झोपायची सोय असलेल्या डब्यांत, नोकरीला लागतो. आर्टिस बर्मिंगहॅमच्या काळ्या वस्तीकडे, तिथल्या झगमगाटाकडे ओढला जातो. त्या वस्तीचंही एक वार्तापत्र आहे, स्लॅगटाउनचं, आणि त्याचे तुकडे डॉट वीम्सच्या साप्ताहिकासारखेच मधूनमधून येतात. आर्टिसच्या प्रकरणांत निनी नसते. ती तिथं असूच शकत नाही. निनीला जे ठाऊक नव्हतं ते पुस्तक तिच्या पाठीमागून सांगत असतं. सगळा गोडवा निनीच्या आवाजात आहे, ८६ व्या वर्षी आयुष्याकडे प्रेमानं पाहणाऱ्या एका गोऱ्या बाईच्या आवाजात. आर्टिसची प्रकरणं वाचताना तो आवाज थांबतो आणि गार वारा आत येतो. चित्रपटानं आर्टिस जवळजवळ पुसूनच टाकला. 'फार गोड आहे' ही तक्रार चित्रपटाबद्दल मी पूर्ण मान्य करीन, पुस्तकाबद्दल अर्धी.

गोड आठवण किती ताकदवान असते, याचा एक नमुना त्या पदार्थातच आहे. कच्च्या हिरव्या टोमॅटोच्या चकत्या मक्याच्या पिठात घोळवून तळायच्या, ही आज दक्षिणेची ओळख मानली जाते. पण एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीच्या अशा पाककृती उत्तरेकडच्या आणि मध्य-पश्चिमेच्या पुस्तकांत सापडतात. दक्षिणेत घराघरांत त्याचा बोलबाला झाला तो मुख्यतः या चित्रपटानंतर. जॉर्जियातल्या ज्युलिएट गावी चित्रीकरण झालं, तिथल्या जुन्या दुकानाचा कॅफे झाला, आणि लोक अजून तिथं जाऊन तेच मागवतात.

हा वाद या एकाच पुस्तकाचा नाही. हार्पर ली या अमेरिकन लेखिकेच्या १९६० च्या 'टू किल अ मॉकिंगबर्ड' कादंबरीतला वकील बाप ॲटिकस फिंच हा अमेरिकेत चांगुलपणाचा पुतळा होऊन बसला होता. २०१५ मध्ये तिची आधी लिहिलेली दुसरी कादंबरी छापली गेली आणि तीत तोच म्हातारा ॲटिकस वंशभेदवाद्यांच्या सभेत बसलेला दिसला. ज्यांनी आपल्या मुलांची नावं ॲटिकस ठेवली होती त्यांना ते फार लागलं. माणूस तोच होता. त्याच्याकडे पाहणारी त्याची मुलगी मोठी झाली होती.

आता तुमच्या गप्प बसलेल्या दोघी. त्यांच्याबद्दल तुम्ही एकच वाक्य लिहिलंत, पण माझं लक्ष त्यांच्याकडेच लागलं. माझ्या तिसऱ्या गटात हेच झालं. सगळ्या आपापल्या आजोळच्या गोष्टी सांगत होत्या, माजघर, परसदार, आजीच्या हातचं ताक. एक बाई शेवटपर्यंत गप्प होत्या. निघताना म्हणाल्या, "आमच्या आजीलाही त्या परसदारी ताक मिळायचं. वरून ओतायचे. भांडं आपलं आपण न्यायचं." गट तिथंच थबकला. पुढच्या बैठकीत आम्ही पुस्तक पुन्हा पहिल्या पानापासून काढलं.

हा धागा मी ओढूनताणून आणत नाही. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अर्पण केली ती अमेरिकेतल्या ज्या लोकांनी काळ्यांना गुलामीतून सोडवलं त्यांना. १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली, तिचं नावच अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून आलं. मराठी वाचकाला मागचं दार समजावून सांगावं लागत नाही. फक्त ते दार आहे असं कोणीतरी म्हणावं लागतं, आणि ते म्हणण्याचा भार त्या दोघींवर टाकू नका. तो संयोजकानं उचलायचा. त्यांना 'तुम्हाला काय वाटलं' असं सर्वांसमोर विचारू नका. तुम्ही पाच सेंटांचं वाक्य मोठ्यानं वाचा आणि शांत बसा. त्यांना बोलायचं असेल तर त्या बोलतील, नसेल तर तोही त्यांचा हक्क आहे.

पुढच्या बैठकीसाठी मी तीन जागा वाचायला सांगीन, याच क्रमानं: मागच्या दाराचं प्रकरण, हत्तीणीचं प्रकरण, आणि बर्मिंगहॅममधल्या आर्टिसचं कुठलंही एक. आधी मत विचारू नका. प्रत्येक जागी एवढंच विचारा, की इथं स्वयंपाक कोण करतंय, जेवतंय कोण, कुठं बसून, आणि ही गोष्ट आपल्याला सांगतंय कोण. चिडलेल्या चौघींपैकी एकीला रूथच्या बायबलच्या पानाबद्दल बोलायला सांगा, आणि भारावलेल्यांपैकी एकीला सिप्सीच्या त्या न लिहिलेल्या रात्रीबद्दल. माझ्या गटात असं केलं तेव्हा दोन्हीकडच्या बायकांचे आवाज खाली आले आणि बैठक दीड तास लांबली.

आणि पुस्तकाची शेवटची पानं कोणी चाळून सोडली असतील तर ती आणायला सांगा. तिथं पाककृती आहेत. बिस्किटं, तळलेली कोंबडी, हिरवे टोमॅटो. निनीकडून त्या एव्हलिनकडे आल्या आणि एव्हलिनच्या सौजन्यानं छापल्या असं तिथं म्हटलंय. मथळ्यात नाव मात्र सिप्सीचं आहे. तुमच्या मंडळात कोणाला तळायचा उत्साह असेल तर हिवाळ्यात बाजारात कच्चे टोमॅटो भरपूर येतात, त्यांची आपण चटणी करतोच. या वेळी सिप्सीच्या पद्धतीनं करा, आणि खाताना ती पानं एकीनं वाचून दाखवा.